शिंगाची फणी

९ फेब्रुवारी

आज पुन्हा अभिमन्यूनं गिटार उलटी फिरवली. फिरवली की जाड तार खाली जाती, बारीक वर येती, म्हणून चारी तारा सोडल्या, अदलाबदल करून बसवल्या. सगळी दुपार त्यातच गेली. संध्याकाळी बघितलं तर जाड तार खाचेत बसंना, आन् बारीक तार खाचेत हलायली — मोठ्या चपलेत लहान पाय असल्यावानी. अभिमन्यू म्हणला, "आज्जे, बोलू नको."

मी बोललेच नव्हते. नुसतं बघितलं होतं.

"तुझं बघणंबी बोलल्यासारखंच असतंय."

म्हणून ही भानगड. सुनंनं, राजश्रीनं, तिचा जुना फोन माझ्या हातात दिला. "आत्या, जे बोलायचं ते ह्याला बोला. हा लिहून घेतो, तारीखबी सोताच टाकतो. पोराला थोडे दिवस सोडा." राजश्री अंगणवाडीत असती. बडबड्यांना कामाला लावायची तिला सवयच हाय. मला अक्षर येत न्हाई, त्यामुळं हा काय लिहितो ते मला कळणार न्हाई. बरंच हाय. दुसऱ्या कुणाला वाचायला देणारबी न्हाई.

१० फेब्रुवारी

कालचं अर्धंच राहिलं.

अभिमन्यू माझा नातू. शहादेवच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवायचा, भीमगीतांना. डिसेंबरात कडबाकुट्टीत डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आन् तिच्या शेजारचं. पेंढी अडकली, ह्यानं हातानं ढकलली. बास. जखम भरली. पोरगं काही भरून आलं न्हाई. हाताला रुमाल गुंडाळूनच हिंडतंय. जेवतानाबी रुमाल.

गिटारीत डावा हात दांडीवर तारा दाबतो, उजवा हात खाली पोटापाशी तारा छेडतो. आता ह्याचं म्हणणं, सगळं फिरवायचं. उजव्यानं दाबायचं, डाव्यानं छेडायचं. त्यासाठी गिटारच डावखुरी करायची, घरी, चुलीपुढं चटई टाकून. आन् चौदा एप्रिलच्या आत, कारण जयंतीपासून पार्टीचे कार्यक्रम सुरू होतात. शहादेवनं तोवर धारूरचा एक पोरगा घेतलाय. तोवर, हा शब्द शहादेवचा.

१४ फेब्रुवारी

दांडीच्या टोकाला बोटाएवढी एक पट्टी असती. तिला चार खाचा, एकेक तार एकेका खाचेत. जाडीला जाड खाच, बारकीला बारकी. गिटार फिरवली तर खाचाबी फिरवाव्या लागतात. ती पट्टी काढून कानशीनं घासायला गेला. टचकन मोडली.

मोडका तुकडा शेळीनं हुंगला आन् सोडून दिला.

१५ फेब्रुवारी

माझी फणी गेली.

शिंगाची, लग्नात आलेली. सकाळी विंचरायला घेते तर अर्धीच. कापलेली.

"त्या पट्टीला शिंग चांगलं असतं," म्हणतो. "प्लास्टिकवर आवाज मरतो."

"आन् माझ्या डोक्यात काय मरायचं मग?"

"उवा."

राजश्री हसली. मी न्हाई हसले. म्हणजे हसले, पण पदराआड. चार दात राहिलेत, ते काय जगाला दाखवायचे. राहिलेली अर्धी फणी पत्र्याच्या पेटीत टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

१९ फेब्रुवारी

मानावं लागतं. शिंगाची पट्टी घासून घासून बसवली. खाचा बरोबर. तारा गप बसल्या.

आता तारा फरफरायला लागल्या.

२० फेब्रुवारी

फरफर.

२१ फेब्रुवारी

फरफर. आज अंगणात बसून ऐकली, तिथंबी तेच.

२ मार्च

तार दांडीजवळ आणली की फरफरती, लांब नेली की दाबायला जड. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असती म्हणं, ती चावीनं पिळायची, मग दांडी सरळ होती न्हाईतर वाकती. काल हा चावी फिरवतोय, आन् दांडीतनं कर्रकन आवाज आला. माझ्या गुडघ्यासारखा. मी म्हणलं, "थांब, मोडशील." तो म्हणला, "आज्जे, फोनला सांग."

सांगितलं. ऐकलंस का रे फोना? मोडणार हाय.

३ मार्च

मोडली न्हाई. मला त्याचाबी राग आला.

७ मार्च

आता गुरगुर. वायर लावून स्पीकरचा खोका चालू केला की गिटार न वाजवताच गुरगुरती, दावणीच्या कुत्र्यासारखी. तारंला हात लावला की गप. चार दिवस गिटारीचं पोट खोललं, झाकलं, आत चांदीचा कागद डकवला — राजश्रीच्या डब्याचा. तरी गुरगुर. शेवटी लाईटवाला शेजारी म्हणला, घराची अर्थिंग सुकली असंल, खड्ड्यात पाणी टाका. मी दोन बादल्या ओतल्या. गुरगुर निम्मी झाली. गिटारीला पाणी घालणारी तालुक्यात मी पहिलीच असंन.

अभिमन्यू म्हणला, "बरं झालं." मला न्हाई. खड्ड्याला.

११ मार्च

शहादेव येऊन गेला. "जयभीम, छबुआज्जी," म्हणत आत आला, चहा घेतला, अर्धा घंटा उसाचं, सभेचं, कुणाच्या लग्नाचं बोलत बसला. गिटारीचं काहीच न्हाई. उठताना म्हणला, "अभ्या, चार एप्रिलला विहारात तालीम हाय. ये. वाजव. जमलं तर जयंतीला तूच."

"जमंल," अभिमन्यू म्हणला.

शहादेवनं रुमालाकडं बघितलं आन् लगीच दुसरीकडं बघितलं. मला तेवढंच आठवत राहिलं.

१६ मार्च

गिटार झाली तयार. वाजवणारा न्हाई.

उजवा हात दांडीवर ठेवतो, तर बोटांना जागाच सापडत न्हाई. ढोलकी फोनवर लावतो, ढोलकी पुढं जाती, हा मागं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मागं. आज गिटार चटईवर आपटायला उचलली आन् मग हळूच ठेवली. म्हणला, "पाच बोटं हायेत ह्या हाताला, पण अक्कल एकालाबी न्हाई."

मी म्हणलं, "मला उद्या डाव्या हातानं भाकरी थापायला लावलं, तर मीबी महाराष्ट्राचा नकाशाच करीन. जमंल, पण जयंती कोणत्या सालची धरतोस?"

जेवला न्हाई. चूक माझी न्हाई, माझ्या तोंडाची हाय.

२१ मार्च

दुपारी माझ्या खाटंवर झोपला होता. रुमाल सुटून खाली पडला होता. डावा हात खाटंच्या लोखंडी पाईपवर, आन् ती उरलेली दोन बोटं चालत होती. झोपेत. दाबायची, सरकायची, दाबायची. थोड्या वेळानं मला गाणंबी वळखू आलं.

उठल्यावर सांगितलं. म्हणला, "झोपेत मी इमानबी चालवतो."

२४ मार्च

राजश्रीनं गेल्या सालच्या जयंतीचा व्हिडिओ लावून दिला. मला ह्या फोनवरच्या व्हिडिओचा पहिल्यापासून राग हाय. शहादेव ऐकू येतो, ढोलकी ऐकू येती, पेटी ऐकू येती, आमचा अभिमन्यू तेवढा ऐकू येत न्हाई. बारक्या फोनमधून तेवढा खोल आवाज निघत न्हाई म्हणतात. खरं ऐकायचं तर स्टेजजवळ बसावं लागतं, मग ते कानात न्हाई, छातीत वाजतं.

ऐकू येईना, म्हणून मी नुसती बघत बसले.

आन् मग दिसलं. स्टेजवर त्याचा उजवा हात पोटापाशी, सावलीत, कुणाच्या नजरंत न्हाई. डावा हात दांडीवर, पुढं ताणलेला, सगळ्या लाईटी त्याच्यावर. चारी बोटं चमकतायत. समोरच्या पोरी त्याच हाताकडं बघतायत.

गिटार फिरवली म्हणजे कोणता हात सावलीत जातो?

दीड महिना. माझी फणी, सळई, चांदीचा कागद, दोन बादल्या पाणी. आन् दोन बोटं दुपारी पाईपवर चालतच होती. त्याला वाजवता येत न्हाई असं न्हाईच हे. त्याला दाखवता येत न्हाई.

२५ मार्च

बोलले. राजश्री म्हणलीच होती, बोलू नका.

मी म्हणलं, "अभ्या, हात लपवायसाठी एवढं लोखंड पिळलंस होय रे?"

गिटार खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. "आन् तू हसताना तोंडाला पदर कावून लावतीस? दात पडल्याला दहा वर्षं झाली, म्हातारे. सगळ्या गावाला ठावं हाय."



२७ मार्च

बोलत न्हाई.

३० मार्च

अजून न्हाई. शेळीशी बोलतो.

४ एप्रिल

विहारात तालीम झाली. मी बायकांत मागं बसले. अभिमन्यू उलटी गिटार गळ्यात घालून उभा राहिला, डाव्या हाताला रुमाल, रुमालातून अंगठा आन् दोन बोटं. संथ गाणं निभावलं. दुसरं जरा पळतं होतं. ढोलकी पुढं गेली, हा मागं राहिला, सगळी पार्टी त्याच्यासाठी थांबली. पुन्हा घेतलं. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा शहादेवनं घेतलंच न्हाई.

"अभ्या," शहादेव म्हणला, लई मऊ आवाजात, "ह्या साली साउंडवर बस. तुझ्याएवढा कान कुणाला हाय? जागा तुझीच ऱ्हाईल."

साउंडवाला स्टेजच्या मागं बसतो. अंधारात.

अभिमन्यूनं मान हलवली. लई पटकन हलवली. त्यानं भांडायला पाहिजे होतं. मी बसल्या जागी चटईच्या काड्या मोडल्या, पण त्यानं भांडायला पाहिजे होतं.

५ एप्रिल

चारी तारा काढून टाकल्या. गिटार खुंटीला टांगली, नागडी.

"बरं केलंस," मी म्हणलं. "कपडे वाळत घालायला कामी येईल."

हसला न्हाई. मलाबी हसवायचं नव्हतं.

९ एप्रिल

धारूरचा पोरगा आला. अंगद नाव. ज्याच्यावर मी दोन महिने मनात दात खाल्ले, असतील तेवढे. बारीक, घामेजलेला, पाठीवर गिटारीची पिशवी. "दादा, पाच दिवसांवर जयंती हाय आन् हिच्या तारा फरफरायल्यात. शहादेवभाऊ म्हणले, तुमच्याकडं ने."

मला वाटलं, अभिमन्यू दार लावून घेतो का काय. पण दुरुस्तीचं काम दिसलं की ह्याला दुसरं काही दिसत न्हाई. मांडीवर घेतली, वायर स्पीकरच्या खोक्याला लावली, दांडीला एक डोळा लावून बघितलं, सळईला चावी लावून थोडी पिळली. मग फरफर कुठं हाय ते शोधायला दांडीवरच्या पट्ट्यांमधलं एकेक घर दाबून बघावं लागतं. आन् अंगदची गिटार सुलटी. डाव्या हातानंच दाबावं लागतं.

दाबलं. दोन बोटांनी. रुमाल आड येत होता, तो दातानं ओढून बाजूला टाकला. दांडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. मग कुठलं घर शोधायचं तेच इसरला आन् गाण्याचा तुकडा वाजवला. माझ्या खाटंचा पाय थरथरला. ते पाईपवरचंच गाणं होतं. बारक्या तारंपाशी बोट पोचलं न्हाई, तेवढं चुकलं.

अंगद हाताकडं बघत होता. आता हा काहीतरी बोलणार.

"तिसऱ्या घरात फरफरती ना, दादा?" अंगद म्हणला.

"चौथ्या," अभिमन्यू म्हणला.

मी काही बोलले न्हाई. फोना, तू साक्षी हायेस, मी एक शब्द बोलले न्हाई.

१० एप्रिल

रुमाल दोरीवर वाळतोय. धुतला म्हणून का सोडला म्हणून, विचारलं न्हाई. लई जड गेलं.

११ एप्रिल

सकाळी माझ्या खाटंपाशी येऊन उभा राहिला. "आज्जे, उरलेली फणी दे."

या खेपेला मागितली. कापून नेली न्हाई.

"कशाला? शिंगाची पट्टी हाय की."

"ती डाव्या अंगाची झाली. गिटार पहिल्यासारखी सुलटी करायची तर नवी पाहिजे."

"खाचा किती?"

"तीन. बारकी तार आता लावत न्हाई. दोन बोटांना तीन पुरतात."

पेटी उघडली. फणीचे दात मीच मोडले, एकेक करून, नुसता मधला कणा ठेवला. मोडता मोडता हसायला आलं. दोन्ही हात कामात होते, तोंडाला पदर लावायचा राहून गेला. तो बघत होता. मी तसंच हसू दिलं.