आबासाहेबांची दोरी

फतेगंज, बडोदे
६ जानेवारी १९९७

ती. आबासाहेबांस,
मितालीचा सा. न. वि. वि.

तुम्ही कोल्हापूरला आत्यासाहेबांकडे गेलात आणि इथे मला धाक उरला नाही. पण बातमी ऐका! युनिव्हर्सिटीच्या सॉफ्टबॉल संघात पिचरची, म्हणजे चेंडू टाकणारीची, एक जागा रिकामी आहे आणि ती मला हवी म्हणजे हवीच. निवड १६ फेब्रुवारीच्या सामन्यात.

अडचण एकच, माझा चेंडू वाटेल तिथे जातो. प्लेटवरून (बॅट धरलेल्या मुलीच्या पुढ्यात जमिनीत बसवलेली पांढरी पाटी), तिच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक. अशा तीन झाल्या की ती बाद. पट्ट्याबाहेरून गेला तर त्याला नुसतं ‘बॉल’ म्हणतात, आणि असे चार झाले की ती फुकटात पहिल्या बेसवर. काल मी सहा जणींना फुकट सोडलं. आमचे कोच भास्कररावसर गुजरातीत म्हणाले की बेन, तुझ्या चेंडूला वेग आहे, पत्ता नाही. कोयलीच्या रिफायनरीतून ड्यूटी करून आलेल्या बाबांनी तर जाहीर केलं की यंदा निवड नाही झाली, तर खेळ बंद आणि कॉम्प्युटर क्लास सुरू.

तुम्ही संस्थानच्या पलटणीतले नेमबाज. उपाय सांगा, लवकर!

तुमची लाडकी (हे तुम्हीच म्हणता),
मिताली

---

कोल्हापूर
११ जानेवारी १९९७

चि. मितालीस,
सुभानरावांचे अनेक आशीर्वाद.

सोबत दोरी पाठवत आहे. खालची गाठ गुडघा, वरची काख. तशीच दुसरी करून दोन्ही दोऱ्या कपडे वाळत घालायच्या तारेला प्लेटच्या रुंदीइतक्या अंतरावर टांग. टोके जमिनीला टेकली पाहिजेत. रोज चहाआधी पन्नास चेंडू गाठींच्या मधून. वेग विसर. पलटणीत आम्हाला महिनाभर गोळीच देत नसत, नुसता नेम धरायला लावत.

तुझी आत्या म्हणते, संक्रांतीला पोरीला तीळगूळ सोडून सुतळी काय पाठवता. तिला नेमातले काही कळत नाही.

रोजचा आकडा कळवत जा, माया आहेच.
सुभानराव

---

बडोदे
३ फेब्रुवारी १९९७

ती. आबासाहेबांस,
सा. न. वि. वि.

घात झाला! दोऱ्यांमधून पन्नासातले त्रेचाळीस चेंडू जायला लागले होते. काल ऐटीत मैदानावर गेले, तर पंच एकामागून एक बॉलच देत सुटले. सगळे उंच! मी चिडून दोरी आणली, सरांनी ती बॅट धरलेल्या मुलीशेजारी धरली. काखेची गाठ तिच्या कपाळावर! सरांसकट सगळे पोट धरून हसले आणि मी घरी येऊन रडले.

आबासाहेब, माप कुणाचं घेतलंत? तेरा दिवस उरलेत हो.

आता खरंच घाबरलेली,
मिताली

---

कोल्हापूर
७ फेब्रुवारी १९९७

चि. मिताली,
आशीर्वाद.

चूक माझी. माप मी माझेच घेतले, चौकटीला पाठ लावून, सावधान उभा राहून. समोरून काही येत असताना माणूस वाकून उभा राहील, हे डोक्यातच आले नाही. मी सहा फूट एक इंच आहे हेही विसरलो.

तुझ्या आत्याला, विजयमालाला, गुडघ्यात वाकवून, हाती लाटणे देऊन नवी दोरी मापली आहे. ती हसत असल्याने दोनदा मापावी लागली. नेम तुझ्या हातात आला आहे, तो फक्त खाली आणायचा आहे. जुनी दोरी चुलीत घाल.

तुझा अपराधी आजोबा,
सुभानराव

---

बडोदे
१६ फेब्रुवारी १९९७

ती. आबासाहेबांस,
सा. न. वि. वि.

झाली! निवड झाली! बाबांनी स्वतः लहरीपुऱ्यातून पेढे आणले.

आत्यासाहेबांची दोरी मंगळवारी मिळाली आणि चार दिवसांत हात खाली आला. आज फुकट सोडल्या फक्त दोघी. पण शेवटी एकच बाद करायची उरलेली, सगळे बेस भरलेले, आम्ही एका धावेने पुढे, आणि समोर आली पॉलिटेक्निकची एक मुलगी, सहा फुटांना बोटभर कमी. वाकेचना! ताठ उभी. दोन स्ट्राइक, तीन बॉल. आणखी एक बॉल गेला असता तर धाव फुकट. आत्यासाहेबांच्या गाठींमधला प्रत्येक चेंडू ती झोडपत होती, नशिबाने रेषेबाहेर जात होता.

तेवढ्यात मला तिच्या जागी तुम्ही दिसलात, चौकटीला पाठ लावून. मी जुन्या दोरीच्या वरच्या गाठीखाली चेंडू सोडला. तिला वाटलं उंच गेला, तिने बॅट हलवलीच नाही. पंचांनी हात वर केला. तिसरी स्ट्राइक, ती बाद, सामना आमचा!

जुनी दोरी मी चुलीत घातली नव्हती, रागावू नका. पुढचे सामने पुण्याला आहेत. तुम्ही आणि आत्यासाहेब याच, लाटणं घेऊन. दोघं जाळीमागे उभे राहा, त्या वाकून आणि तुम्ही ताठ. बाकीचं मी बघते.

तुमच्या हाताखाली तयार झालेली,
मिताली