वन्सं, तुमचे बंधू चटणीचा नाच शिकतात

चिंचवड,
सोमवार, ११ फेब्रुवारी १९८०

सौ. इंदुवन्संना प्रभावतीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे मी आणि मुलं बरी, आणि तुमचे बंधू जरा लंगडताहेत, पण ते पुढे येईलच. भावजींचा खोकला गेला का? आळंदीला सकाळी नदीवरून गार वारं सुटतं, तेव्हा त्यांना मफलर गुंडाळायला लावत जा. त्यांना आवडणार नाही, पण खोकणार ते आणि रात्रभर जागणार तुम्ही.

पत्रास कारण तुमचे बंधू. (माझ्या पत्रांना दुसरं कारण कधी असतं?) दिवाळीनंतर यांच्या कंपनीत मेक्सिको देशाचा एक साहेब आला, रामिरो त्याचं नाव. तिकडे आपल्या स्कूटरी जोडायचा कारखाना निघणार आहे आणि इथला एक माणूस सहा महिने तिकडे जायचा होता. हे तपासणी खात्यात आहेत, वाकडा नट यांच्या नजरेतून सुटत नाही (माझी पोळीसुद्धा आधी उजेडाकडे धरून बघतात), त्यामुळे यांचं नाव बरंच वर होतं. एक दिवस जेवताना रामिरोसाहेब सहज बोलून गेला की आमच्याकडे शनिवारी घरोघर साल्सा नाचतात, आणि ज्याला नाचता येत नाही तो बिचारा कोपऱ्यात बसून राहतो. झालं. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे म्हणाले, "मी कोपऱ्यात बसणार नाही." मला वाटलं, बढतीचं काहीतरी असेल. साल्सा म्हणजे काय, ते यांनी दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं, तर त्या लोकांच्या भाषेत साल्सा म्हणजे चटणी! नाचाला चटणी का म्हणतात, हे साहेबालाही सांगता आलं नाही.

यांच्या कंपनीत पेंटशॉपला लोबो म्हणून आहेत. कासारवाडी स्टेशनाजवळ राहतात आणि ख्रिस्ती लग्नांच्या बँडमध्ये दोन उंच ढोल तळहातांनी वाजवतात. या तिकडच्या तालांचा त्यांना फार नाद. रविवारी हे त्यांच्याकडे निघाले आणि एकट्याला लाज वाटते म्हणून मलाही नेलं. लोबोंनी रेकॉर्ड लावली, हे नाचले, लोबोंनी रेकॉर्ड बंद केली. "पाय बरे आहेत हो तुमचे," ते म्हणाले, "कान झोपलेत. आधी वाजवायला शिका, मग नाचा." आणि दोन गुळगुळीत लाकडी दांडकी यांच्या हातात दिली. ती एकमेकांवर आपटायची: तीन ठोके ऐसपैस, मग दोन जवळजवळ, आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळा बँड म्हणे या ठोक्यांना धरून चालतो. नाचताना तीन पावलं टाकायची आणि चौथी मात्रा रिकामी सोडायची. इथेच गाडं अडलं. जिथे काही नाही तिथे काहीतरी राहून गेलंय, असं तुमच्या बंधूंना वाटतं. ते चौथ्या मात्रेलाही पाय आपटून मोकळे होतात, आणि मग पुढचं सगळं उलट्या पायावर.

दांडकी घरी आली. कामावर जायच्या आधी ठोके, आल्यावर ठोके. खालच्या मजल्यावरच्या भिमाबाई चौथ्या दिवशी वाटी घेऊन वर आल्या. "रोज काय कांडताय? वास काही येत नाही." मी म्हटलं, "चटणी." (यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा.) त्यांना घरातली लसणाची चटणी देऊन वाटेला लावलं.

पण त्या कांडण्यावरूनच मला सुचलं. वन्सं, आठवतं का, तुमच्या लग्नाची हळद चाकणच्या घरी आपण दोघींनी एका उखळात कांडली होती? तुमचं मुसळ वर गेलं की माझं खाली. कोणी मोजत नव्हतं, गप्पा चालू, पण मुसळाला मुसळ लागलं नाही. मी यांना म्हटलं, "अहो, ती मात्रा रिकामी नसते. तिथे दुसऱ्याचं मुसळ पडत असतं. आपण पाय घातला तर ठेचणारच." यांनी दांडकी खाली ठेवली. मग उठून नाचले, आणि चौथ्या मात्रेला चक्क थांबले! मुलांनी टाळ्या वाजवल्या. (मीही त्यांच्यासमोर पावलं टाकत होते, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.)

परवा शनिवारी संध्याकाळी रामिरोसाहेबाला निरोप म्हणून कँटीनच्या हॉलमध्ये जेवण होतं, सहकुटुंब. लोबोंचा बँड. यांनी लग्नातला कोट घातला होता, बटणं लागत नव्हती. वाजायला सुरुवात झाली, साहेबाने हसत यांना खूण केली, आणि हे पांढरेफटक पडले. माझ्याकडे वाकून म्हणाले, "प्रभा, मला काहीच ऐकू येत नाही." वन्सं, इतकी वर्षं या माणसाला मी हसत आले, पण त्या वेळी मला हसू आलं नाही. महिनाभर घाम गाळून शिकलेलं डोळ्यांदेखत निघून चाललं होतं, आणि सगळा हॉल बघत होता. मी पदर खोचला, यांचा हात धरला आणि उठले. "थांबायची मात्रा आली की मी बोट दाबते. तेवढंच लक्षात ठेवा." आणि आम्ही नाचलो. वर्कर्स, त्यांच्या बायका, मोठे साहेब, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा मी नुसती मात्रा मोजत होते, मग लोबोंच्या हातांचे ठोके नीट कानात शिरले आणि मी बाकीचं विसरले. एकदाच हे उलटे वळले आणि बाकाच्या पायावर अंगठा आपटला. (ते लंगडणं यातलं.) रामिरोसाहेब उभा राहून टाळ्यांनी ठेका धरत होता.  घरी आल्यावर जिना चढताना हे म्हणाले, "पुढच्या वेळी बोट जरा हळू दाब. वळ उठलेत."

आज निवड जाहीर झाली. मेक्सिकोला दुसरेच गृहस्थ चाललेत, त्यांना वेल्डिंगही येतं. नाच कोणी विचारलाच नाही. हे मनाला लावून घेतील म्हणून मी चहात जास्तीची साखर घातली. पण यांनी चहा प्यायला, तोंड धुतलं आणि म्हणाले, "येत्या शनिवारी लोबोंच्या भाचीचं लग्न आहे. दोघांना बोलावलंय. तुला खास." खरं सांगू, सहा महिने यांच्याशिवाय राहावं लागणार नाही, याचाच मला जास्त आनंद झाला. यांना सांगू नका.

भावजींना नमस्कार, मुलांना पोटभर आशीर्वाद. उत्तर सवडीने लिहा.

तुमची,
प्रभावती

ता. क. : एक सांगायचं राहिलं. कँटीनमध्ये वाढायला आपल्या चाकणचा कोंडीराम होता. आम्ही नाचत असताना तो हातात भाताची परात घेऊन तसाच उभा होता. गुरुवारी त्याची सुट्टी, म्हणजे तो गावी जाणार आणि सासूबाईंना सांगणार. त्याच्या आधी तुम्ही चाकणला जाऊन त्यांच्या कानावर घाला ना. नाच म्हणू नका. कंपनीचा कार्यक्रम म्हणा.

ता. क. दुसरा (मंगळवार दुपार) : चाकणला जाऊ नका. पत्र टाकायला निघाले तर दारात सासूबाई! कोंडीरामला गुरुवारपर्यंत दम निघाला नाही, त्याने एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला. पाणी न पिता त्यांनी विचारलं, "नाचलीस व्हय?" मी म्हटलं, हो. "परक्या बाप्यासंगं?" नाही, यांच्याबरोबर. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्येला कुटं येतंया नाचाया? तुलाच वढावं लागलं आसंल." आणि गाठोडं सोडून पातळं मांडणीवर रचून ठेवली. आता लक्ष ठेवायला दोन महिने इथेच राहणार आहेत.

वन्सं, लग्न शनिवारी आहे. तुम्ही कृपा करून गुरुवारी थोड्या आजारी पडा आणि भावजींना तुमच्या आईला न्यायला पाठवा. फार काही नको, नुसतं कण्हलात तरी त्या पहिली गाडी धरतील. रविवारी संध्याकाळी बरं वाटू द्या.