पत्रा बसू दे

अण्णा, आज दुपारी रेकॉर्डिंगमधली तुमची ढोलकी पुन्हा थोडी मागे सरकवून पाहिली. नाही जमलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून डोंबिवलीच्या ह्याच मागच्या खोलीत, दाराला गोधडी टांगून, भिंतीला गादी उभी करून बसतो. समोरच्यांचा मिक्सर सुरू झाला की थांबायचं, बंद झाला की रेकॉर्डिंग. तुम्ही हसायचात. "स्टुडिओ म्हणे! अरे, पाहुणा आला तर झोपवायचा कुठे? गादी तर भिंतीला!" पण ह्याच खोलीत मी बेस गिटार शिकलो, कुणाच्या पाया न पडता. माइक कुठे ठेवला की आवाज बसतो आणि कुठे ठेवला की मोकळा होतो, हे वहीत लिहून लिहून शिकलो. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे.

माझे जिवाचे अल्बम तीनच. नावं तुमच्या लक्षात राहायची नाहीत, तुम्ही कव्हरवरून ओळखायचात: पिवळा, मोटारवाला आणि पाठमोऱ्या बाईचा. पिवळ्यात बेसवाला वाजवतो थोडं आणि गप्प जास्त बसतो. मोटारवाल्यात एकच ठेका वीस मिनिटं फिरत राहतो आणि तरी कंटाळा येत नाही. पाठमोऱ्या बाईच्या अल्बममधला ड्रमवाला मात्र वेगळाच. प्रत्येक ठोका जरासा उशिरा टाकतो. आता गडबडणार, आता गडबडणार असं वाटत राहतं, आणि गडबडत नाही. एका रविवारी जेवणानंतर मी तुमच्या कानाला हेडफोन लावलेला. तुम्ही डोळे मिटून, मांडीवर बोटं टेकवून अख्खं गाणं ऐकलंत आणि म्हणालात, "हा माणूस प्रेसवर काम केलेला दिसतोय." मी हसलो. म्हटलं, अण्णांना सगळं जग म्हणजे वागळे इस्टेट.

एकतीस वर्षं तुम्ही तिथल्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवलीत. हाताने पत्रा डायवर सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून दणका. तुमच्या खात्यात दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झालेले तुम्ही एकटेच. नव्या माणसाला तुमचं एकच शिकवणं: "पत्रा बसू दे, मग पाय दे." फोरमन मागून ओरडायचा, "हात चालव, हात!" तर तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "चालवायला हवा म्हणूनच तर ठेवलाय." ही गोष्ट तुम्ही घरी येऊन इतक्या वेळा सांगितलीत की शेवटची ओळ आई तुमच्या आधी बोलायची. आणि जयंतीला विठ्ठलवाडीच्या आपल्या जुन्या चाळीत गायन पार्टी बसली, की त्याच दहा बोटांनी ढोलकी. गाणारे पुढे पळतायत, टाळ्या त्यांच्याही पुढे पळतायत, आणि तुम्ही मधे निवांत. पत्रा बसू देताय. आज हे लागोपाठ दोन ओळींत लिहिलं. तेव्हा ह्या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवूनच पाहिल्या नाहीत.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी मी तुम्हाला ह्या खोलीत बसवलं. माझ्या एका चालीला ढोलकी हवी होती. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. मी म्हटलं, "अहो, फोटो नाही काढायचाय." तुम्ही म्हणालात, "असू दे. कायमचं राहणार आहे ना ते?" दोन माइक लावले, एक डाव्या हाताच्या घुमाऱ्याला, एक उजव्या बोटांना. कानात ठेक्याची क्लिक सुरू केली, आणि पहिल्याच फेरीला मी तुम्हाला थांबवलं. "अण्णा, मागे पडताय." दुसऱ्यांदा थांबवलं. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "ही तुझी टिकटिक ऐकू की गाणं?" आणि मी, ज्याला ढोलकीला शाई कुठल्या बाजूला असते हेही तुम्हीच दाखवलेलं, तो मी तुम्हाला म्हणालो, "गायन पार्टीत चालतं हो हे. रेकॉर्डिंगमध्ये नाही चालत." तुम्ही हेडफोन काढून मांडीवर ठेवलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. "मला आता नाही जमायचं रे. मी वाजवतो माझं, तू नंतर सरळ करून घे." मग हेडफोन न लावता तुम्ही पाच मिनिटं सलग वाजवलंत. मी पडद्यावर तुमच्या चुका मोजत बसलो होतो.

चार दिवस लागले सरळ करायला. एकेक थाप कापली, एकेक थाप पडद्यावरच्या क्लिकच्या रेषेवर आणून बसवली. कुठे जोड कळणार नाही असं काम केलं. माझ्याइतकं बारीक काम ह्या भागात कुणी करत नसेल, असं मनात म्हटलंही. जागा कमी पडत होती म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. मग मोठ्या हौसेने तुम्हाला ऐकवलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. कौतुकाने मान हलवलीत. "छान आहे. कोण वाजवतंय रे?"

मला वाटलं, थट्टा करताय. मी हसून म्हणालो, "कोण म्हणजे? तुम्हीच!" तुम्ही एकदा माझ्याकडे, मग तुमच्या हातांकडे पाहिलंत. "हो का," म्हणालात आणि चहा झाला का बघायला आत गेलात. त्यानंतर माझ्या ह्या खोलीत तुम्ही ढोलकी वाजवली नाहीत. मी बोलावलंही नाही.

पाठमोऱ्या बाईचा अल्बम मी पुढे किती वेळा ऐकला असेल! एके दिवशी, वय वाढलं म्हणा किंवा घाई संपली म्हणा, ऐकता ऐकता तुमचं ते "प्रेसवर काम केलेला" आठवलं. त्या परक्या माणसाच्या ज्या उशिरासाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होतो, तोच उशीर घरात होता आणि मी तो रेषेवर आणून मारला होता. तेव्हापासून परत आणायला बसतो. सगळ्या थापा वीस मिलिसेकंद मागे घेऊन पाहिल्या, नुसता आळस ऐकू आला. तुमचा उशीर एकसारखा नव्हता. तिसऱ्या थापेला जास्त असायचा, वळणावर त्याहून जास्त, आणि समेला तुम्ही बरोबर दारात उभे. किती जास्त, ते फक्त त्या फाइलला माहीत होतं.

दर वर्षी तुमच्या पुण्यानुमोदनाला मी ते रेकॉर्डिंग लावतो. नातेवाईक म्हणतात, "अण्णांचा हात म्हणजे हात!" आई मात्र ते लागलं की उठून स्वयंपाकघरात जाते. गेल्या वर्षी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते आधीचं नाहीये का रे तुझ्याकडे? सुधारायच्या आधीचं?" मी म्हटलं, "अगं, तेव्हा हार्ड डिस्क उडाली ना, त्यात गेलं." ती म्हणाली, "जाऊ दे. मशीनच ती." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

हार्ड डिस्क उडाली नव्हती, अण्णा. अजून चालते. हे लिहून झालं की त्यातच ठेवणार आहे.