प्रदूषणासुराची एक्केचाळीस वाक्यं

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. मोठे दिग्दर्शक ठेवतात. पुढे चरित्रकारांना सोपं जातं.
तालुक्यांची बालनाट्य स्पर्धा आठ फेब्रुवारीला मुरबाडला. पहिला नंबर आला की नाटक ठाण्याला, आणि दिग्दर्शक जिल्ह्याच्या बालनाट्य मार्गदर्शक मंडळावर. मंडळावर गेलेला माणूस शाळेत फक्त सहीपुरता येतो. सापगाव ते खर्डी, खर्डीपासून पुढे पाड्यावरची शाळा, नऊ वर्षं बाइक हाणतोय. कंबर गेली. आता बस्स.
संकल्प: मुलांवर ओरडायचं नाही. रोज सराव. बिस्किटं बंद.

दुपारी ४
दोनदा ओरडलो. मुलांच्या भल्यासाठी ओरडलेलं यात धरायचं नाही. बिस्किटं डायजेस्टिव्ह होती.

९ जानेवारी, गुरुवार
मुलांना थिअरी दिली. बालनाट्याचे प्रकार: मुलांनी मुलांसाठी केलेलं, मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं, दोघांनी मिळून केलेलं, बाहुल्यांचं, सावल्यांचं, आणि मुकं. मुकं म्हणजे ज्यांना संवाद लिहिता येत नाहीत त्यांची सोय. घटक: कथानक, पात्रं, संवाद, संगीत, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश. फळा भरला, माझं समाधान झालं.
सातवीतल्या काजलने विचारलं, सर, खेळायचं कधी? आवाज खणखणीत, डोक्यात भुसा. सांगितलं, नाटक म्हणजे खेळ नव्हे. तिने ते वहीत उतरवून घेतलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
सुट्टी असूनही सराव. तिळगूळ वाटला. गोड बोलायची अट मुलांना आहे, मला नाही.
संहिता पूर्ण. 'वनातील न्याय'. खलनायक प्रदूषणासुर, त्याचं एक्केचाळीस वाक्यांचं स्वगत. प्लास्टिक, कार्बन, ओझोन, सगळं घेतलंय. लिहिताना मलाच गहिवरून आलं. प्रदूषणासुर जैतू करणार. बारा वर्षांचा, काडीसारखा, पण आवाज थेट डोंगरावर आपटून परत येतो.
नियम केला: जो 'नाही'ऐवजी 'नाय' म्हणेल तो वर्गाबाहेर. अकरापर्यंत भगीरथ, मीना, काजल आणि जैतू बाहेर. साडेअकराला सगळेच बाहेर. मग सराव बाहेरच घेतला.

२० जानेवारी, सोमवार
घटक क्र. ६, वेशभूषा. सोबतच्या गिरजा मॅडमनी सुचवलं, म्हणजे मला सुचत होतंच, तेवढ्यात त्या बोलल्या. पाड्यावर होळीनंतर बोहाडा असतो. लाकडी मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. कुठलं सोंग कुठल्या घरचं हे ठरलेलं. राक्षसाचं सोंग जैतूच्या घरचं. बाप नाचवायचा. तीन वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हापासून मुखवटा पेटीत. यंदा जैतू पहिल्यांदा नाचवणार. पोरगा दिवस मोजतोय म्हणे.
मला काय, मुखवटा हवा.
संध्याकाळी त्याच्या आईकडे, धोंडीबाईकडे गेलो. ती तीनदा 'नाय' म्हणाली. उच्चार सुधारण्यापलीकडचा. मी कलेचं महत्त्व सांगितलं. सर्टिफिकेटचं सांगितलं. वार्षिक निकाल माझ्याच हातात असतो, हेही सहज सांगितलं. सहज.
मग तयार झाली. तीन अटी. मुखवटा जैतूनेच घालायचा. घातला का तोंडातून शबुद काढायचा नाय. आणि उतरवायचा तो तिनेच, नारळ फोडून, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय. मी तिन्ही अटींना हो म्हणालो. कलावंताने लोकपरंपरेचा आदर करावा. शिवाय 'हो' म्हणायला काय जातं.

२९ जानेवारी, बुधवार
जैतूची एक्केचाळीस वाक्यं पाठ! ओझोनचा ओ असा लावतो की कौलं हलतात. मुखवटा स्पर्धेच्या दिवशीच पेटीतून निघणार, त्यामुळे सराव तसाच.
पुन्हा तेच तुणतुणं. सर, मुखवट्यात आमी बोलत नाय. मी विचारलं, मग मुखवट्याच्या तोंडाला भोक कशाला आहे? तो खाली बघत उभा राहिला. मुलांना तर्काने जिंकायचं असतं.
बिस्किटं: एक पुडा. सृजनाचा ताण.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६.१५
जीपमध्ये एकोणीस. मी पुढे. धोंडीबाई मागे, मांडीवर फडक्यात मुखवटा, पिशवीत नारळ. जैतूने उपास धरलाय म्हणे. पोटात कावळे असले की आवाजाला धार येते, चांगलं आहे. स्वीकाराचं भाषण जीपमध्ये पाठ केलं. त्यात मुलांचा उल्लेख ठेवलाय.

संध्याकाळी ७. मुरबाड स्टँड
सविस्तर आणि तटस्थपणे लिहितो.
जैतूने मुखवटा घातला, स्टेजवर आला. पहिलं वाक्य 'मी आहे प्रदूषणासुर'. गप्प. मी विंगेतून सांगितलं. गप्प. जोरात सांगितलं. तिसऱ्या रांगेतला एक जण म्हणाला, आम्हाला ऐकू आलं.
मग जैतूने पाय उचलला. नाचायला लागला. काजल माझ्या नाटकातली नदी होती, तिने निळी साडी खोचली आणि नेपथ्यातला पत्र्याचा डबा बडवायला घेतला. भगीरथ, मीना, सगळी त्याच्या मागे. कथानक गेलं. संवाद गेले. शिस्त नावाला नाही. प्रेक्षक वडापाव खायचे थांबले होते, धक्काच बसला असणार.
दिग्दर्शकाने संकटात नाटक सावरायचं असतं. मी माइक घेतला आणि विंगेतून स्वगत स्वतः सुरू केलं. तेविसाव्या वाक्याला माइक बंद पडला. तांत्रिक अडचण. कोणीतरी वायर हातात धरून उभं होतं, दुरुस्त करत असेल.
आता एकच उपाय. स्टेजवर गेलो, जैतूचा मुखवटा खेचून काढला आणि म्हणालो, बोल आता!
तो दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. काजलचा डबा थांबला. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. बालनाट्यात असा परिणाम साधणं फार अवघड असतं.
धोंडीबाई उठून वर आली. माझ्या हातातून मुखवटा घेतला, पोराला पदराखाली घेतलं आणि गेली. नारळ तिथेच राहिला.
निकाल: अभिनयाचं पहिलं बक्षीस जैतूला, सांघिक पहिलं आम्हाला! परीक्षकांनी लिहिलंय, 'मुलांचा मूक आविष्कार विलक्षण. पडद्यामागील व्यक्तीस आवरणे आवश्यक.' कोणाबद्दल आहे कळलं नाही. जैतूची ट्रॉफी मीच घेतली, तो नव्हता. फोटो छान आलाय. डीपी ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार
पट चोवीस. हजर शून्य. थकली असतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार
हजर दोन. दोघंही खिचडीपुरते.
गिरजा मॅडम बोलल्या. मुखवट्याला परक्याचा हात लागला, म्हणून पाड्यावर बैठक बसली. यंदा राक्षसाचं सोंग निघणार नाही. मुखवटा वर्षभर पेटीत. जैतू दोन दिवस जेवलेला नाही. मॅडमचे डोळे भरले होते. बाईमाणूस.
मी म्हणालो, तो बारा वर्षांचा आहे, पुढची चाळीस वर्षं नाचेल. मी पन्नाशीला आलोय, मंडळ मला परत विचारणार आहे का? मॅडम उठून गेल्या. मुद्दा पटला की माणूस गप्प होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ठाण्याहून फोन! अठ्ठावीसला प्रयोग. अट एकच: तोच मूक प्रयोग हवा, तोच मुलगा, तोच मुखवटा. मी म्हणालो, मूकनाट्य हा प्रकार मला पहिल्यापासून सर्वांत प्रिय.
रविवारी पाड्यावर जातो. धोंडीबाईंशी दोन शब्द गोड बोललो की काम झालं. पेपरसाठी मुलाखतही लिहून ठेवली, 'मी शांतता कशी शोधली'.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी
बाइक खाली लावून चढलो. वरून हसण्याचा आवाज येत होता. जांभळीखाली सगळा पाडा बसलेला, मधे मुलं. नाटक चालू! माझ्याशिवाय सराव करतायत हे बघून ऊर भरून आला. मागे उभा राहून बघितलं.
पात्र एक: डोक्यावर पालथा टोप, शर्टात पोतं कोंबून केलेलं पोट, हातात छडी. दुष्ट पात्र. फार छान जमलं होतं. 'नाही'चा उच्चार इतका शुद्ध की मी थक्क. आवाज जैतूचा. लहान मुलांना धावायला लावायचं, मधेच पाठ वळवून बिस्किट खायचं, मिशीवरचा चुरा पुसायचा. लोक लोळत होते. मीही हसलो. हा प्रसंग माझ्या संहितेत कुठे आहे ते आठवेना.
मग ते पात्र लुगडं नेसलेल्या काजलपुढे गेलं आणि म्हणालं, निकाल माझ्याच हातात असतो, सहज सांगतो, सहज.
तेव्हा कळलं.
पुढे त्याने मीनाच्या तोंडावरचा पुठ्ठ्याचा मुखवटा ओरबाडला आणि स्वगत सुरू केलं. बरोबर चोविसाव्या वाक्यापासून. एकही शब्द न चुकता, माझ्या आवाजात, माझी मान हलवत. ओझोनला धोंडीबाईने हसून हसून डोळ्यांना पदर लावला. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.
मी दोष शोधले. कथानक, पात्रं, संवाद, वेशभूषा. एकही सापडला नाही. वाईट वाटलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.
एक्केचाळिसावं वाक्य झालं. टाळ्या. आता थांबतील, आपण पुढे जाऊन ठाण्याचं सांगू, असं ठरवून घसा साफ केला. तेवढ्यात काजलने मला पाहिलं. घाबरली नाही. म्हणाली, सर, आले का? मग खाली बसा ना. अजून दुसरा अंक हाय, आन तुमच्यामुळं मागच्यांना दिसत नाय.
मी खाली बसलो.