घासलेली पाठ

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू गिळतेस, म्हणून कागदच बरा. जुन्या दागिन्यांच्या दुकानात नोकरी लागली, बरं झालं. आता तरी माझ्या जुन्या दागिन्यांच्या डब्यांना भंगार म्हणणार नाहीस. पण पहिल्याच दिवशी माझ्याकडचा तो फुलाचा ब्रोच लावून गेलीस, हे वाचून माझ्या हातातला चहा सांडला. तुला तो सांभाळायला दिला होता, मिरवायला नाही. तिथली माणसं दागिन्याचं तोंड बघत नाहीत, पाठ बघतात. उद्यापासून लावू नकोस. का, ते विचारू नकोस. आईला सांग, माझे गुडघे होते तसेच आहेत, कुरकुरे.

माया आहे तेवढी राहू दे.

आजी

ता. ७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी साहेबांनी ब्रोच मागून घेतला. भिंगाखाली उलटा केला. मग म्हणाले, कारागिराची सही नाही हे ठीक, पण मालकिणीच्या नावाची दोन अक्षरं होती, ती कुणीतरी कानशीने घासलीत. त्यांच्याकडे चोरीला गेलेल्या दागिन्यांची वही आहे. तीत हेच फूल आहे, पाच पाकळ्या, त्यातली एक आखूड. तक्रार त्या मालकीणबाईंच्या मुलांनी केलेली, तीस वर्षांपूर्वी. कुठून आणला म्हणून त्यांनी विचारलं. आजीने जुन्या बाजारातून घेतला, असं सांगून मोकळी झाले. आता पुढच्या सोमवारपर्यंत विकणाऱ्याचं नाव हवंय, नाहीतर ते पोलिसांत जातील आणि माझी नोकरीही जाईल.

आजी, जुन्या वस्तूच्या पाठीला हात लावायचा नाही, हे तूच मला शिकवलंस. मग ही कानस कुणाची? आईला काही बोलले नाही. लगेच लिही.

तुझ्या दोन ओळींकडे डोळे लावून बसलेली,

भिंगरी

ता. १० मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कानस तुझ्या आजोबांच्या सायकलच्या दुकानातली. हात माझा.

ज्या बाईंकडे मी स्वयंपाकाला होते, त्यांचं शेवटचं आजारपण मीच काढलं. मुलं पत्र पाठवायची, तेही घर कुणाच्या नावावर करताय ते विचारायला. एका दुपारी बाईंनी ते फूल माझ्या मुठीत कोंबलं, म्हणाल्या, तुला राहू दे. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. आठ दिवसांत त्या गेल्या आणि मुलांनी कपाटं उपसायला घेतली. स्वयंपाकवालीला कुणी सोन्याचं फूल देतं, यावर कोण विश्वास ठेवणार? मी घाबरले. अक्षरं घासून टाकली. तिथेच माती खाल्ली. दिलेली वस्तू चोरीची करून ठेवली, ती माझ्याच हाताने.

मग वाटलं, एकटं फूल कुणाच्याही डोळ्यात भरेल. म्हणून जुन्या बाजारात फिरून बिनसहीचे दागिने गोळा करायला लागले, त्या गर्दीत हे लपेल म्हणून. तुम्ही सगळे म्हणायचात, म्हातारीला नाद लागला. नाद कसला, भीती होती ती. पुढे त्यांचा जीव लागला, ते वेगळं.

तू एक खोटं बोललीस तेवढं पुरे. सोमवारी सकाळच्या गाडीने मी येते. साहेबांसमोर मी बसेन, तू बाहेर थांब. साक्षीदार नाही, कागद नाही, नुसतं तोंड आहे. पाय आत्तापासूनच लटपटतायत, पण ते गुडघ्यांच्या नावावर खपवता येईल.

यापुढे मला पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते सोमवारनंतर कळेल.

आजी चोर नाही एवढं धरून राहा. माया थोडी कमी झाली तरी चालवून घेईन.

आजी