उपमंत्र्यांना दौरा पडला

बेंबळी,
जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप दत्तोपंतमामा यांस, भाचा राघवेंद्र याचा बेंबळीहून साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घालतो, प्रत्यक्षात कंबर धरली आहे.) तुमचा दमा कसा आहे? मामींचे गुडघे देवळाच्या पायऱ्या चढू देतात का? इकडं लीला आणि मुलं खुशाल. माझी बेंबळीहून उचलबांगडी होणार, असं तुमच्या कानावर आलं असेल. कारण म्हणून जे आलं असेल त्यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, तेवढं सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आमच्या ग्रामपंचायतीला रेडिओ मिळाला. संध्याकाळी सारं गाव पारावर बातम्या ऐकायला जमायचं, पण रेडिओवरची मराठी इतकी सोवळी की लोकांना त्यातलं हवामान तेवढं कळायचं. मग सगळे माझ्याकडं बघायचे, कारण शाळामास्तराला सगळं येतं असा गावाचा समज आहे. (तो मी कशाला मोडू?) एकदा ऐन बातम्यांत बॅटरी बसली, तेव्हा उरलेल्या बातम्या निवेदकाचा आवाज काढून मीच दिल्या. सरकारनं एक समिती नेमली असून ती हरवल्यामुळं तिला शोधायला दुसरी नेमली आहे, आणि आमच्या रस्त्यातले खड्डे तलाव म्हणून मोजून जिल्ह्याचा पाणीप्रश्न मिटवला आहे, वगैरे. लोक हसून लोळले. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली, पण सरपंच बलभीम म्हणाले, "त्या पेटीला गप बसवा अन् गुरुजीला लावा." तेव्हापासून रेडिओवर फडकं आणि मी चालू! पंचाईत एवढीच झाली, की गाव माझ्या बातमीला आधी हसतं आणि हसून झालं की ती खरी धरून घरी जातं.

अशात एक उपमंत्री गावाला येणार असं कळलं. आपल्याकडं फिट आली की 'दौरा पडला' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी बातमी दिली : उपमंत्र्यांना दौरा पडला आहे. निवडणूक जवळ आली की हे दुखणं बळावतं, उतारा म्हणून हार घालावेत. सगळे हसले, एकट्या लक्ष्मीबाई हसल्या नाहीत. (शाळेशेजारी राहतात. त्यांचा धाकटा मुलगा फिटच्याच दुखण्यानं गेला.)

उपमंत्री जीपमधून उतरले. झेंडूचा हार नाकाशी आला आणि त्यांची शिंक अडली. डोळे मिटलेले, तोंड आभाळाकडं, अंगाला थरथर! लक्ष्मीबाईंनी पदरातला कांदा बुक्कीनं फोडून थेट त्यांच्या नाकाला लावला. बलभीमांनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या मुठीत कोंबला, आणि चौघांनी पाय धरले. (निवडणुकीच्या दिवसांत पाय कुणी कुणाचे धरायचे असतात, याचं भान कुणालाच राहिलं नाही.) शिंक सुटली तसं गावाला हायसं वाटलं. लक्ष्मीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाबा, एवढं कशापायी फिरतोस? घरी माय हाय का न्हाय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते कांद्याचं म्हणून बातमीत सांगितलं असतं, पण ते हळूच म्हणाले, "होती. मागच्या महिन्यात गेली. मी तेव्हा दौऱ्यावर होतो." मामा, मला त्या माणसाची फार माया आली. भाषण न करता ते लक्ष्मीबाईंच्या ओसरीवर ताक पीत बसून राहिले आणि जाताना त्यांच्या पाया पडले. उपमंत्र्यांचा काहीच राग नव्हता. पण बरोबरच्या साहेबांनी विचारलं, ही दौऱ्याची बातमी कुणी दिली? तर साऱ्या गावानं अभिमानानं माझं नाव घेतलं.

माझी मुलं इथंच जन्मली, इथंच बोलायला शिकली. मला हे गाव सोडवत नाही, हे तुम्हाला सोडून कुणाला सांगू? मामींना नमस्कार.

तुमचा,
राघवेंद्र

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता बदलीचा हुकूम आला. परंड्याच्याही पलीकडं टाकलं आहे. तो रद्द करून आणा असं मी म्हणत नाही. तुमच्या जुन्या कचेरीत आता तुम्हाला कुणी ओळखत नाही, हे मामींनी लीलेला कळवलंच आहे.

पुन्हा ता. क. काल संध्याकाळी पारावर मी ही बदलीची बातमी दिली. अगदी माझ्या साध्या आवाजात. गाव पोट धरधरून हसलं, पण या खेपेला हसून झाल्यावरही ती कुणी खरी धरली नाही. लक्ष्मीबाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ही लई झ्याक हाय, उद्या परत सांगा." तेव्हा विनंती एवढीच, की रविवारच्या मोटारीनं तुम्ही या आणि त्यांना सांगा. तुम्ही जन्मात कधी थट्टा केलेली नाही. तुमच्या तोंडून आलं तर त्यांना खरं वाटेल. मलाही अजून वाटलेलं नाही.