शिट्टीवरचं वजन

अमरावती
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय तुबा,

सलाम. घरी सगळे बरे असतील. आईचे गुडघे थंडीत दुखतात, बाकी ठीक. मी नांदगाव पेठेच्या त्याच कापड कारखान्यात, त्याच बॉयलरवर आहे. तू फोन घेत नाहीस म्हणून कागदावर लिहिते. आधी जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे वाद घालायचा असेल तर नेमका कशावर, ते तुला कळेल.

१. तुमच्या ‘नसीम मोमो सेंटर’मधली वाफेची टाकी तुझ्या अब्बांनी, दाऊद चाचांनी, भंगारातल्या रंगाईच्या पिंपापासून स्वतः वेल्डिंग करून बनवली होती.

२. तिच्या सुरक्षा-झडपेच्या दांड्याला दोन किलोचं माप टांगलेलं होतं. त्यामुळे वाफ जास्त झाली तरी झडप उघडत नव्हती आणि शिट्टी वाजत नव्हती.

३. मी चाचांना माप काढायला सांगितलं. त्यांनी काढलं नाही.

४. पोळ्यानंतर बॉयलर तपासणीच्या कार्यालयात निनावी तक्रार गेली. ती मी केली.

५. अधिकारी आले, तपासणी होईपर्यंत टाकी वापरू नका म्हणाले. चाचांनी तपासणी करून घेतली नाही. दुकानच बंद केलं आणि तुम्ही अकोल्याला गेलात.

चौथं कलम तुला आधीच माहीत असावं. त्याबद्दल माफी मागत नाही.

आमच्या भिंतीला लागून असलेल्या तुमच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. भिंत गार असते. पूर्वी थंडीत आई तिला पाठ टेकून बसायची.

मोमो मी बाकी ठिकाणी खाऊन पाहिले. राजकमल चौकाजवळच्या एका गाडीवर पारी जाड आणि आतला कोबी कच्चा. बडनेरा रोडला एक नवं हॉटेल झालंय, तिथे गोठवलेली पाकिटं तळून देतात. चिखलदऱ्याला कारखान्याची सहल गेली होती, तिथे वाऱ्यात उभं राहून एक प्लेट खाल्ली. बरी लागली, पण घाट उतरेपर्यंत चव विसरले. मग घरी इडलीपात्रात केले. माझ्या कळ्या मोदकासारख्या सरळ पडतात, नसीम चाचींसारख्या तिरक्या पडत नाहीत.

आई म्हणाली, “काहून पिठाशी भांडून राहिली? फुनके करतो मी, कढीसोबत खाय.”

तिनं तुरीच्या डाळीचे फुनके उकडले. चांगले झाले होते. खाता खाता मी विचारलं, सोबत जवसाची लाल चटणी नाही का. आईनं माझ्यासमोरचं ताटच उचललं.

“नसीमची चटनी पायजे त जा अकोल्याले. मले नोको विचारू.”

गेल्या रविवारी कारखान्याच्या कामाने अकोल्याला आले होते.

काम नव्हतं. रविवारी कारखान्याचं काय काम असणार. तुझ्या बहिणीनं, अफसानानं, स्टेटसला आमंत्रण ठेवलं होतं: शुक्रवार, २१ नोव्हेंबर, नवीन दुकानाचं उद्घाटन, गल्लीतल्या मुलांना पहिली प्लेट मोफत. त्या फोटोत चाचांच्या मागे टाकीचा वरचा भाग दिसत होता. मोठा करून पाहिला, पण दांडा दिसेना. म्हणून आले.

तुमचं शटर अर्ध्यावर होतं. मी समोरच्या पंक्चरच्या दुकानापाशी उभी राहिले. गल्ली अरुंद आहे, सगळं दिसतं. चाचा टाकी चालवून पाहत होते. तिन्ही चाळण्यांतून वाफ येत होती. मग त्यांनी चाळण्यांकडे वाफ सोडणारे तिन्ही कॉक बंद केले, इथे दुपारी गिऱ्हाईक नसलं की करायचे तसे. आग मात्र कमी केली नाही.

चाची म्हणाल्या, “कित्ता तपाते जी? फोडते क्या?”

चाचा म्हणाले, “तपने दो. नई जगा है, टंकी को भी करमने दो जरा.”

तू हसलीस.

मी शिट्टीची वाट पाहिली. आली नाही. माप दांड्याला तसंच होतं, फक्त तार नवी होती. म्हणजे ते काढायचं राहून गेलेलं नाही, तिथे नेऊन पुन्हा बांधलेलं आहे. टाकीच्या खालच्या जोडावर पांढरा ओघळ होता. इथे असताना तो नव्हता. पाणी जोडातून पाझरून वाळलं की असा ओघळ येतो. तू टाकीकडे पाठ करून पाऱ्या भरत होतीस. हात मागे केला असतास तर टाकीला लागला असता.

मी आत आले नाही. मला पाहिलं असतं तर चाचांनी ते माप आणखी घट्ट बांधलं असतं. त्यांनी कॉक पुन्हा उघडेपर्यंत थांबले आणि परतीच्या गाडीत बसले.

त्या मापामुळे झडप ठरल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट दाबाला उघडेल. तो जोड तेवढं सोसेल असं मी लिहून देणार नाही. आमच्याकडे अशी टाकी दिसली तर आधी माणसं बाहेर काढतात, बोलणं नंतर. शुक्रवारी तुम्ही मुलांना आत बोलावलं आहे.

दुसऱ्या कलमात मी ‘माप टांगलेलं होतं’ एवढंच लिहिलं. कोणी टांगलं आणि कोणासाठी, ते टाळलं.

हृदयविकाराचा झटका आल्यानंतर बाबांना रात्री झोप नसायची. दुपारी डोळा लागला की भिंतीपलीकडून शिट्टी वाजायची. ते दचकून उठायचे आणि मग बराच वेळ धाप लागायची. मी कारखान्यात असायचे, हे सगळं आईकडून कळलं. तिनं चाचांना एकदाच सांगितलं. चाचा त्याच दिवशी आमच्या दारात आले. “खुशालभाऊ, आता झोपा बिनधास्त. तिचं तोंडच बंद करून टाकलं मी.” आई सांगते, झटक्यानंतर बाबा पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पुढे वारले त्या दिवसापर्यंत ते रोज दुपारी झोपले.

माप मी पहिल्यांदा पाहिलं ते बाबांच्या तेरवीला, तुमच्याकडे मोठं पातेलं मागायला आले तेव्हा. चाचांना म्हटलं, आता काढा. ते दांड्याकडे पाहत राहिले.

“राहू दे, बेटा. ते काढलं त भाऊ खरंच गेले असं होते.”

मी त्यांना दाबाचे आकडे सांगितले. दुसरं काय बोलावं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. तक्रार करताना मला वाटलं होतं, माप काढतील आणि दुकान चालू राहील. बंद होईल असं मी धरलंच नव्हतं.

इथपर्यंतचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “दाऊदभाऊले माहा निरोप दे. म्हनावं, भाऊ आता कोनत्याच आवाजानं उठत नाहीत. वाजू द्या शिट्टी.”

हा निरोप तू सांग. मराठीतच सांग, आईच्या शब्दांत. आकडे सांगू नकोस. टाकी पूर्ण गार असताना माप काढा. त्या जोडाची तपासणी होईपर्यंत टाकी पेटवू नका. उद्घाटनाला साध्या पातेल्यावर चाळणी ठेवून मोमो उकडा. कमी होतील, उशीर होईल. होऊ दे.

मंगळवार, १८ नोव्हेंबरपर्यंत मला उत्तर पाठव. ‘काढलं’ एवढा एक शब्द पुरे. रागाने लिहिलास तरी चालेल. उत्तर आलं नाही तर बुधवारी सकाळी मी तपासणी अधिकाऱ्यांच्या अकोल्याच्या कार्यालयात असेन, आणि या वेळी अर्जावर माझं नाव असेल.

तुझी, तुला अजून चालत असेल तर,
ऋतुजा